द्राक्षवाल्यांच्या ग्रुपची निवडणूक: माझा अनुभव

आमच्या द्राक्षवाल्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर दिंडोरी, निफाड, चांदवडकडची बरीच मंडळी आहेत. डावणी रोगाचे फोटो, फवारणीचं प्रमाण, व्यापाऱ्याने सांगितलेला भाव, सगळं तिथंच. कुणाची पोस्ट उडवायची ते ॲडमिन ठरवणार, आणि ॲडमिन नेमले कुणी, तर आधीच्या ॲडमिननी. कुरबुर वाढली, तेव्हा निवडणूक ठरली. मी नाशिकला राहणारा, बँकेतून निवृत्त. मला पद नको होतं, तेवढ्यावरच निवडणूक अधिकारी झालो.

अर्ज ग्रुपवरच टाकावेत, असं बहुतेकांचं मत. मी नको म्हणालो. पहिला अर्ज पडला की खाली 'अभिनंदन भाऊ' सुरू होतं आणि मागून येणारा कचरतो. म्हणून गुगल फॉर्म ठेवला, ज्याचा त्याने भरायचा. छाननीनंतर सगळी नावं एकदम जाहीर, क्रम चिठ्ठ्या टाकून. मुदतही 'रविवारी रात्री बारा' अशी लिहिली नाही. ते बारा नेमके कोणते, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालेल. रविवार, सायंकाळी ६.

खरी गंमत छाननीत. एका अर्जदाराचं कृषी सेवा केंद्र आहे. जुन्या ॲडमिनपैकी एकाला सगळे आबा म्हणतात, त्यांचा फोन आला: "साहेब, दुकानदार ॲडमिन झाला तर स्वतःचीच औषधं खपवील. अर्ज बाद करा."

शंका खोटी नव्हती. पण आबा स्वतः उमेदवार, आणि अर्ज मागवताना धंद्याची अट कुठेच नव्हती. नावं कळल्यावर अट घातली, तर ती त्या एकाच माणसासाठी ठरते.

"बाद नाही करता येणार, आबा. पण सगळ्यांनाच आपापला धंदा जाहीर करायला सांगतो. तुम्हालाही."

आबा कमिशनवर माल मिळवून देतात, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं अर्जांच्या छाननीचं कलम ३६ आम्हाला लागू नाही, पण मी ते समोर ठेवलं. किरकोळ दोषासाठी अर्ज फेटाळायचा नाही, फेटाळलाच तर कारण लेखी. एकाने तालुकाच लिहिला नव्हता. फोन करून भरून घेतला.

उशिरा आलेल्या अर्जाचं तसं नव्हतं. माणूस ग्रुपवरचा सगळ्यात अभ्यासू, मनातून मला तोच हवा होता. छाटणीच्या गडबडीत राहिलं म्हणाला. मुदत वाढवा, असा बऱ्याच जणांचा आग्रह. माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने डेबियन या स्वयंसेवकांच्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा, प्रमुख निवडतानाचा नियम सांगितला: अर्जाला एक आठवडा, एकही अर्ज आला नाही तरच मुदतवाढ. २०१९ मध्ये तिथे तशी वेळ आलीही होती. आमच्याकडे तर उमेदवार भरपूर होते. अर्ज बाद केला. कारण आधी त्याला कळवलं, मग ग्रुपवर टाकलं. अपिलासाठी उमेदवार नसलेले तिघे नेमले होते, त्यांनीही तेच कायम केलं.

आबा निवडून आले, दुकानदार पडला. तो अभ्यासू गडी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.