लग्नाच्या कॅमेऱ्याला पाखरांची लेन्स

नागभीड तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन सुरू होतो तो जूनपर्यंत. पावसाळ्यात पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर भागवायचं. बॅगेत निकॉनच्या दोन डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉड्या: फुल फ्रेमची डी७५० आणि क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरची डी७५००. सोबत ७०-२०० मिलिमीटरची एफ/२.८ झूम (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक म्हणजे अॅपर्चर मोठं आणि उजेड जास्त). स्टेजवरच्या नवरा-नवरीसाठी हे पुरून उरतं. तलावाच्या मधोमध बसलेलं बदक मात्र २०० वर ठिपक्याएवढंच येतं.

आणि तलाव तर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी. धानाच्या ओलितासाठी कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले, आता ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जाणारे. हिवाळ्यात त्यांच्यावर इतकी पाखरं उतरतात की मोठी लेन्स घ्यायची हे कधीच ठरलं होतं. प्रश्न होता कोणती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘६०० घे, कमी पडते नेहमी.’ मला ते पटत नव्हतं. कमी पडते म्हणजे किती, आणि कुठून?

म्हणून आधी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अंतरं काढली. माझं पाऊल मला माहीत आहे, लग्नात ग्रुप फोटोला मागे सरकून सरकून पाठ झालेलं. हळदी-कुंकू बदक साधारण ६० सेंटिमीटर लांब. पाळीपासून ते बहुतेक ४० मीटरवर असतं. हिशोब सोपा आहे: पाखराची लांबी गुणिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मिलिमीटरची पडणार ते कळतं. २०० वर ३ मिलिमीटर, ५०० वर साडेसात, ६०० वर ९. डी७५०० चा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे ५०० वर बदक फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापतं. एवढं मला पुष्कळ. टिबुकली जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची. ती ५०० वर तीन मिलिमीटर, ६०० वर पावणेचार. ५,५६८ पिक्सेलच्या रुंदीत तिच्या वाट्याला पहिल्यात सातशेच्या वर, दुसऱ्यात नऊशेच्या आत. टिबुकलीसाठी शंभर मिलिमीटरचे जादा पैसे मोजण्यापेक्षा वीस मीटर जवळ सरकून बसलेलं बरं.

आता वाघ. ताडोब्याच्या बफरमध्ये वर्षातून जाणं होतं, आणि तिथला वाघ जिप्सीच्या रस्त्यावरूनच चालत येतो. वीस मीटरवर आडवा उभा राहिला तर शेपटी सोडून पावणेदोन-दोन मीटरचं अंग, ५०० वर सेन्सरवर ४५ मिलिमीटर. सेन्सर तर साडेतेवीसचा! अर्धा वाघ बाहेरच. हाच वाघ २०० वर १८ मिलिमीटरचा होतो, नाकापासून पाठीपर्यंत मावतो. झूम की प्राइम (एकाच फोकल लेंथची लेन्स) हा वाद माझ्यापुरता इथेच मिटला: झूमच.

तरी निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ ही प्राइम मनातून जाईना. फ्रेनेल प्रकारच्या काचेमुळे तिचं वजन फक्त १,४६० ग्रॅम, दिवसभर हातात धरता येते. नुसती पाखरंच काढणाऱ्याने आणि पैसे असणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी अशी ती आहे. पण किंमत झूमच्या कितीतरी पट.

६०० एफ/४ चं स्वप्न बघायलाही हरकत नाही, फक्त ती इतकी मोठी का असते ते कळलं पाहिजे. ६०० भागिले ४ म्हणजे १५०. पुढच्या काचेचा व्यास तेवढे मिलिमीटर हवाच, त्यात कुठल्याही कंपनीची चलाखी चालत नाही. निकॉनची डीएसएलआरसाठीची ६०० एफ/४ ३,८१० ग्रॅम भरते आणि नव्या मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्याच्या) ६०० एफ/४ ची किंमत दहा लाखांच्या पुढे. त्याच हिशोबाने ६०० एफ/६.३ ला ९५ मिलिमीटर पुरतात, म्हणून १५०-६०० जातीच्या बऱ्याच लेन्सना ९५ चाच फिल्टर लागतो. मोठ्या काचेने मिळतो उजेड. एफ/४ वर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० ला शटरचा जो वेग मिळतो, त्यासाठी एफ/६.३ वर ४००० लागतो. पहाटे गेटमधून शिरल्याबरोबर सागाच्या अंधारात बिबट्या दिसला तर हा फरक झोंबतो. ऊन वर आल्यावर झोंबत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी दहा लाख घालायला मी काही धानाचा गिरणीवाला नाही.

घरी विषय काढला तेव्हा बायको म्हणाली, ‘एवढ्या पैशात वावरात बोअर होते.’ होते, खरंच होते. त्यावर मी काही बोललो नाही. एवढं मात्र ठरवलं की पैसा लग्नाच्या कमाईतून नाही, अल्बमच्या वरच्या कामातून काढायचा.

यादीत उरल्या तीन: सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२ आणि निकॉन २००-५०० एफ/५.६. पहिल्या दोन्ही दोन किलोच्या आसपास, निकॉन कॉलरसकट २,३०० ग्रॅम. पहिल्या दोघींचं शेवटचं टोक एफ/६.३ वर. निकॉन सगळीकडे ५.६. नुसत्या उजेडात हा फरक स्टॉपचा (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीचा) तिसरा हिस्सा, म्हणजे क्षुल्लक. पण डी७५०० चे ५१ फोकस पॉइंट एफ/५.६ धरून बनवलेले आहेत. ६.३ वर ते चालतात, पण संध्याकाळी करड्या पाण्यावर करडं पाखरू असलं की चाचपडतात.

हे वाचून ठरवायचं नव्हतं, म्हणून नागपुरातून टॅमरॉन आणि निकॉन दोन्ही भाड्याने आणल्या. आधार कार्ड, डिपॉझिट, आणि एसटी. आमची ती छोटी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ ला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, नाहीतर खिडकीत बसून लेन्स मांडीवर घेऊन आलो असतो. तलावावर दोन्ही पाळीपाळीने लावल्या. टॅमरॉनचं ६०० वरचं चित्र मला ५०० पेक्षा थोडं मऊ वाटलं, एफ/८ केलं की सावरलं. निकॉनच्या झूम रिंगला फार फिरवावं लागतं; २०० वरून ५०० ला जायला मनगट दोनदा बदलावं लागतं, तोवर खंड्या मासा घेऊन गेलेला. शिकरा झाडावरून सुटला तेव्हा मात्र निकॉनने त्याला ५.६ वर जास्त वेळा धरलं. माझ्या बॉडीवर, माझ्या हातात. दुसऱ्याकडे उलटंही होईल.

लेन्सच्या चर्चेत कोणी फारसं काढत नाही ती गोष्ट मला एका ढिवराने सांगितली. तो डोंग्याजवळ जाळं सोडवत बसला होता, माझा सरंजाम बघून म्हणाला, ‘उनाच्या आधी या जी. मंग पानी नाचते.’ आमच्याकडे मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ ला जातो. तापलेल्या जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा थरथरते, आणि दूरचं पाखरू त्या थरथरीतूनच लेन्सपर्यंत येतं. फोकस बरोबर, शटर १/२०००, तरी पिसं पुसल्यासारखी. भाड्याच्या दोन्ही लेन्सवर सकाळी नऊनंतर ८० मीटरवरचे फोटो सारखेच वाया गेले. लाखाची असो की दहा लाखांची, हवेला काच कापत नाही, उलट जितकी लांबची लेन्स तितकी थरथर मोठी होऊन दिसते. विदर्भात उन्हाळ्याचे फोटो काढायचे असतील तर ८०० मिलिमीटरचा विचार करण्याआधी गजराची वेळ बदलावी. माझा ६०० चा उरलासुरला मोह त्या नाचत्या पाण्याने काढून घेतला.

दुकानदाराचा जोर मिररलेसवर होता. नवी बॉडी आणि तिच्यासाठीची निकॉनची १८०-६०० झेड. ती लेन्स चांगलीच, झूम करताना लांब होत नाही, म्हणजे जिप्सीच्या धुळीत तिची नळी आतबाहेर होऊन धूळ आत ओढत नाही. पाखराचा डोळा शोधणारा फोकसही मिळतो. पण त्या दोन्हीचे पैसे मिळून माझ्या बजेटच्या कितीतरी बाहेर. उलट सगळे मिररलेसकडे पळत असल्यामुळे डीएसएलआरच्या लेन्स जुन्या बाजारात स्वस्त झाल्यात, हा फायदा मला दिसत होता. नागपुरातल्याच एका हौशी माणसाकडून २००-५०० मिळाली, मूळ बिलासकट, साठ हजारांच्या आत.

घेताना टॉर्च नेला. मागून उजेड टाकून पुढून आत पाहायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर फंगस, उठून यायचं. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्यांनी फोटोत काही होत नाही. बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्याशी जुळवला, झूम रिंग कुठे खरखरते का ते कानाजवळ धरून पाहिलं, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू-बंद केला. मग समोरच्या विटांच्या भिंतीचा सरळ फोटो, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर. चारही कोपरे सारखे दिसले म्हणजे आतली काच तिरकी नाही. शेवटी वर्तमानपत्र टेबलावर पसरून तिरक्या बाजूने मधल्या ओळीवर फोकस. माझ्या बॉडीवर फोकस किंचित मागे जात होता, तो घरी येऊन कॅमेऱ्यातल्या एएफ फाइन ट्यून या सोयीने दुरुस्त केला. विकणारा गृहस्थ हे सगळं चहा पीत शांतपणे बघत होता. त्याने घाई केली असती तर मी घेतली नसती.

जिप्सीत लेन्स टेकवायला जुन्या जीनच्या पँटची बीन बॅग शिंप्याकडून शिवून घेतली. आत तांदळाची कणी. थर्माकोलच्या गोळ्या हलक्या, पण त्यांच्यावर लेन्स स्थिर बसत नाही. इंजिन मात्र बंद करायलाच सांगावं लागतं, चालू इंजिनची थरथर कणीसुद्धा खात नाही. गाइड लोक ऐकतात, फक्त वाघ दिसायच्या आधी सांगून ठेवायचं.

पावसाळ्यात लेन्स धान्याच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. तो डबा बायकोनेच काढून दिला.

स्टुडिओत येणारे आता १.४ च्या टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी काच) विचारतात. तो लावला की ५०० चे ७०० होतात आणि ५.६ चा ८ होतो. डी७५०० वर एफ/८ ला फक्त मधला एक पॉइंट भरवशाचा. बसलेल्या घुबडाला चालेल, उडत्या पाखराला नाही. मी घेतला नाही. पुढेमागे मिररलेस बॉडी आली तर एफटीझेड अडॅप्टरवर हीच लेन्स लावता येते, तोवर बदलायचं कारण दिसत नाही.