कविता काय करते ते आधी बघा

‘ब्रह्म, अद्वैत असल्या गोष्टी एवढ्या साध्या बोलण्यात मावतात का हो?’ खानदेशात मुक्ताई आणि बहिणाबाई चौधरींवर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मावतात. फक्त कविता काय सांगते हे नंतर बघा. ती काय करते ते आधी बघा. ती विनवते, जाब विचारते, मागणं मागते. ‘मी वचन देतो’ म्हणताना आपण वचनाची बातमी देत नाही, वचनच देतो. बोलणं हीच कृती असते, हे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत उलगडून दाखवलं.

आता ताटीचे अभंग घ्या. ताटी म्हणजे झोपडीचं दार. परंपरा सांगते, लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव दार लावून बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेरून विनवू लागली: ‘विश्वपट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. पहिला चरण सुटा काढला तर तो वेदान्ताचा सिद्धान्त: विश्व हे वस्त्र, ब्रह्म हा त्याचा दोरा. तो काय ज्ञानदेवांना ठाऊक नव्हता? पण इथे मुक्ताईने त्याला विनवणीचं कारण केलंय. सगळं विश्व एकाच दोऱ्याचं, मग टाकून बोलणारे परके कसे? आणि दार लावायचं ते कुणासाठी? कारणं बदलत जातात, मागणं तेच राहतं. ज्ञानदेव दार उघडतील तेव्हाच तो सिद्धान्त त्यांच्या जगण्यात उतरेल. म्हणून ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ हे ध्रुवपद मला नुसतं पालुपद वाटत नाही. अभंगाचा सगळा जोर तिथे आहे.

आसोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) ‘मन’ या कवितेत मनाला ढोर म्हणतात, पाखरू म्हणतात, आणि शेवटी एकदम देवाकडे वळतात: ‘कुठे जागेपनी तुले असं सपनं पडलं’. मन हे ईश्वराला जागेपणी पडलेलं स्वप्न, असं विधान केलं असतं तर पुढे भाष्य लिहावं लागलं असतं. त्यांनी सरळ त्यालाच विचारलं, तेही ‘तुले’ म्हणून, शेजारच्या माणसाला विचारावं तसं. देवाशी असलेली जवळीक वेगळी सांगायची गरजच उरली नाही.

पसायदान तर उघडच मागणं आहे. त्यावर विश्वेशराव, म्हणजे विश्वाचा स्वामी, म्हणतात, ‘हा होईल दानपसावो’, हे कृपेचं दान मिळेल. ‘होईल’, म्हणजे पुढे कधीतरी. दुरितांचं तिमिर अजून तसंच आहे. मिळालाय तो फक्त शब्द. आणि तेवढ्यावर ज्ञानदेव ‘सुखिया’ होतात.