वाई, मेणवली आणि सहा मेगापिक्सेल

स्वारगेटवरून वाईची एसटी धरली की खंबाटकी चढेपर्यंत माझं आणि मावसभावाचं भांडण ठरलेलं. त्याच्या पिशवीत कॅननचा २००५ सालचा फाइव्ह डी कॅमेरा आणि त्यावर रशियन हेलिओस लेन्स. माझ्याकडे निकॉनचा डी ४०, २००६ च्या शेवटाला बाजारात आलेला, सहा मेगापिक्सेलचा, आणि त्याच्या तोंडावर साठच्या दशकातली निक्कोर-एच, ५० एमएम. दोघांच्याही खिशातले मोबाईल या ऐवजापेक्षा कागदावर कितीतरी सरस आहेत. त्यावर वाद नाही. वाद असतो तो कुणाची म्हातारी लेन्स जास्त गुणी यावर.

माझी लेन्स पुण्याच्या जुन्या बाजारातली. बुधवारी आणि रविवारी तिथे नळाच्या तोट्यांपासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत काहीही मिळतं आणि त्यात अधूनमधून एखादी लेन्स निघते. अशी लेन्स हातात आली की भाव विचारायच्या आधी मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवलेल्या निम्म्या लेन्स याच आजाराने जातात. मग ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाची, पाती उघडझाप करून पाहायची, त्यांवर तेल आलं असेल तर ती आळसावतात. माझी या दोन्हींतून पार पडली. विकणारे काका म्हणाले, "जपान आहे साहेब, मरत नसते." एवढ्यावर घासाघीस संपली.

निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि लेन्स अडकवायची ती खोबण डिजिटलमध्येही तशीच ठेवली. मात्र १९७७ आधीच्या लेन्स नंतरच्या बहुतेक महागड्या बॉडींवर बसवायच्या नसतात, कारण तिथे कडेला एक नाजूक कळ असते, ती मोडू शकते. डी ४० स्वस्तातला, म्हणून त्यातून ती कळच गाळलेली. काटकसर कंपनीने केली, फावलं आमचं. लेन्स सुखाने बसते. फक्त मग कॅमेरा हात वर करतो: ऑटोफोकस नाही आणि उजेडही तो मोजून देत नाही. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात फोकस जुळल्याचा एक हिरवा ठिपका पेटतो, तेवढीच त्याची मदत.

वाईत उतरून आम्ही थेट गणपती घाटावर गेलो. सकाळचं कोवळं ऊन नुकतंच पायऱ्यांवर उतरलं होतं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. बहुतेक लोक पुढून दर्शन घेऊन परततात, पण हे देऊळ मागूनच बघावं.

फोटोच्या दृष्टीने मात्र वाईचे घाट म्हणजे परीक्षा. पायऱ्या काळ्या दगडाच्या, त्यांवर वाळत घातलेली पांढरी धोतरं आणि साड्या, खाली पाण्यावरची चमक, वर उघडं आकाश. मोबाईल अशा वेळी भराभर बऱ्याच फ्रेम घेतो, सावली उजळतो, ऊन दाबतो आणि सगळं एकसारखं करून हातात देतो. सोय मोठी आहे, पण कुठे काळोख राहू द्यायचा हे तिथे आपल्याला कुणी विचारत नाही. डी ४० ला विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

आमचं मोजमाप जुन्या फिल्मवाल्यांचंच: लख्ख उन्हात ॲपर्चर १६ वर ठेवायचं (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे सेन्सर उजेडाला किती हळवा त्याच्या, आकड्याइतका. या कॅमेऱ्याचा आयएसओ २०० च्या खाली उतरत नाही, म्हणजे शटर १/२०० सेकंद. तिथून हिशेब सुरू. ॲपर्चर एकेक घर उघडत गेलं की शटर दुप्पट. आता ही लेन्स घेतली ती एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडून, मागचं सगळं विरघळवून टाकायला, आणि भर उन्हात एफ २ ला शटर लागतं सुमारे १/१२८००. डी ४० पळतो १/४००० पर्यंत. मग सावली शोधा, किंवा सकाळी लवकर उठा. आमच्या भटकंतीचं वेळापत्रक असं एका शटरने ठरवलं आहे: सकाळी घाट, दुपारी वाडे आणि देवळांचे गाभारे, संध्याकाळी परत नदी. पर्यटन खात्याला सुचलं नसतं इतकं हे चांगलं वेळापत्रक आहे, कारण वाईच्या उन्हात दुपारी घाटावर तसंही कुणी नसतं.

नाश्ता उरकून वडापने मेणवली. नाना फडणवीसांना ही जागा १७६८ मध्ये मिळाली. इथे त्यांनी वाडा बांधला, नदीकडे उतरणारा चंद्रकोरी घाट बांधला आणि मेणेश्वराचं देऊळ उभारलं. हा घाट तुम्ही आयुष्यात कधीतरी पडद्यावर पाहिलेलाच असतो, इतकी शूटिंगं तिथे झाली आहेत. वाड्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. आम्ही रेंगाळलो ते घंटेपाशी.

घाटाजवळ एका छोट्या दगडी मंडपात ही भलीमोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला आहे, तशीच ही मेणवलीची. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात कोरलेली आहे. मेणेश्वराच्या शेजारी मेरी, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला हे फार आवडतं.

ही लेन्स ६० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. तिथून एफ २ वर जेमतेम सेंटीमीटरभर खोलीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. फोकसची रिंग टोकाला नेऊन ठेवायची आणि मग आपणच श्वास धरून थोडं पुढे, थोडं मागे झुलायचं. ठिपका पेटला, विझला, पुन्हा पेटला. मेरीचा चेहरा जुळला की बाळाचा गुडघा सुटतो, गुडघा जुळला की चेहरा धूसर. शेवटी एफ ४ ला आलो. एफ २ वर ही लेन्स उजळ कडांभोवती हलकं धुकं सोडते, साठ वर्षांपूर्वीच्या काचेचा आणि त्यावरच्या साध्या लेपाचा तो गुण. एफ ४ ला धुकं जातं आणि धातूवरचा प्रत्येक ओरखडा दिसायला लागतो. मी दोन्ही फोटो ठेवले. आकड्याचा एफ ४ चा बरा आला, मेरीचा एफ २ चा.

या खटाटोपात घंटेच्या कडेला एक अर्धवट पुसट रेघ आहे, उजवीकडचा काठ थोडा जास्त झिजलेला आहे, हे लक्षात आलं. तिथे मी यापूर्वीही गेलो आहे. मोबाईलवर या घंटेचे फोटोही आहेत माझ्याकडे. ती रेघ त्यांतही असणार, पण तेव्हा मी ती पाहिली नव्हती. जुन्या सामानाचं माझं वेड विचाराल तर एवढंच आहे. फोटो काढायला जो वेळ लागतो त्यात बघणं होऊन जातं.

मावसभाऊ तोवर पिंपळाखाली हेलिओस फिरवत बसला होता. ही लेन्स मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली, मूळ आराखडा जर्मन झाइसच्या बायोटारचा. पाठीमागे पानांतून ऊन झिरपत असेल आणि लेन्स पूर्ण उघडी असेल, तर ती उजेडाचे सगळे कवडसे गोल गरगर फिरवते. लोक या भोवऱ्यासाठीच ती घेतात. मला तो भोवरा पहिल्यांदा आवडतो, लागोपाठ पाहिला की कंटाळा येतो. मावसभावाला हे सांगून उपयोग नाही. माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावली तर लांबचं फोकसच होत नाही, कारण निकॉनमध्ये लेन्स ते सेन्सर अंतर ४६.५ मिलिमीटर आणि हेलिओसच्या आट्यांना हवं ४५.४६. कॅननमध्ये ४४, तिथे मधे एक पातळ रिंग घातली की काम झालं. "म्हणून कॅनन," असं तो दर वेळी म्हणतो. एका मिलिमीटरचा एवढा माज!

एक गोष्ट मात्र मी मानत नाही, आणि ती आमच्याच जुन्या कॅमेरावाल्यांची आहे. डी ४० मध्ये सीसीडी प्रकारचा सेन्सर आहे, हल्लीच्यांत सीमॉस प्रकारचा. सीसीडीचे रंग काही औरच, असं छातीठोकपणे सांगतात. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांनी आणि कंपनीने आत भरलेल्या हिशेबाने. डी ४० चा जेपेग मुळातच भडकसर बनवलेला आहे, आणि शेंदूर, झेंडू, नदीकाठचं हिरवं यांना ते मानवतं. नाव सीसीडीचं होतं आणि भाव वाढतात. गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या पोरांनी ताईदादांचे जुने छोटे डिजिटल कॅमेरे माळ्यावरून काढले, तेव्हापासून तर विचारू नका. कॅननने २०१६ चा एक छोटा कॅमेरा २०२५ मध्ये किरकोळ बदल करून पुन्हा विकायला आणला!

ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हशी पाण्यात सोडून एक आजोबा पायरीवर टेकले. बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"फिलम मिळती व्हय अजून?"

"नाही आजोबा, डिजिटलच आहे हा."

"मग मघाधरनं पिळताय काय ते?"

"फोकस."

"नातवाचा मोबाईल आपोआप करतोय की."

फोटो काढू का विचारलं तर टोपी सारखी करून बसले. पांढरीशुभ्र गांधी टोपी, खाली उन्हाने रापलेला चेहरा, आणि डोळ्यांवर टोपीची दाट सावली. टोपी सांभाळावी तर डोळे काळे पडणार, डोळे उजळावे तर टोपी जळणार. इथे हा वीस वर्षांचा कॅमेरा आजच्या बहुतेकांना ऐकत नाही. फ्लॅशसोबत त्यांचं शटर १/२०० किंवा १/२५० ला थांबतं, डी ४० चं १/५०० पर्यंत जातं. शटर तेवढं ठेवलं, ॲपर्चर ८ आणि ११ च्या मधे, फ्लॅश हाताने अर्ध्या ताकदीवर, अंतर दीड मीटर. टोपीच्या शिवणीचे टाके शाबूत राहिले आणि डोळ्यांत उजेड आला. मागे पाणी गडद, त्यात दोन म्हशींची शिंगं.

अडीच इंची स्क्रीनवर त्यांनी फोटो पाहिला, डोळे बारीक करून. मग म्हणाले, "नातवाच्या व्हॉट्सॲपला टाका." या कॅमेऱ्याला वायफाय माहीत नाही. कार्ड काढलं, मोबाईलला रीडर लावला, नंबर विचारला. मेणवलीत नदीकाठी रेंज यथातथाच, मी पाठवून वाट बघत बसायच्या तयारीत होतो. फोटो तीन एमबीचाही नव्हता. पायऱ्या चढून होईस्तोवर दोन निळ्या खुणा आल्या आणि पाठोपाठ नातवाचा निरोप: "दादा, आज्जीचा पण काढा की, घर वर देवळाच्या मागंच आहे."