किन्वा आणि राइस कुकर, नोंद तिसरी: पाण्याचा हिशेब

मागच्या नोंदीत मी थांबले होते ती किन्व्याच्या (क्विनोआ या बारीक धान्याच्या) लापशीपाशी. पाकिटावर लिहिलं होतं एकास दोन पाणी, तसंच घातलं, आणि भांड्यात मोकळा दाणा म्हणून उरला नव्हता. त्यानंतर सहा आठवड्यांत अकरा वेळा किन्वा लावला. आता हिशेब जुळलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फेसाचं. सुरुवातीला मी तांदळासारखे दोन पाण्यांनी धुवून लावायचे, तर झाकणाच्या भोकातून फेस उतू जाऊन ओट्यावर ओघळ यायचे आणि मागे तोंडात कडवट चव राहायची. किन्व्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो याच जातीच्या पदार्थांमुळे. त्यामुळे मोजून पाणी बदलण्यात अर्थ नाही, फेस थांबेपर्यंत धुवायचं. मी मार्केट यार्डातून सुटा आणते, त्याला चार-पाच पाणी लागतात. (गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा पाणी नसतं, म्हणून प्रयोग बाकीच्या वारी.) रोळीतून दाणे निसटतात. मऊ जुन्या पंचाचा चौकोन चाळणीत अंथरला की एक दाणा वाया जात नाही.

आता मुख्य गोष्ट. साध्या राइस कुकरला घड्याळ नसतं. भांड्याच्या तळाला टेकणारं स्प्रिंगवरचं बटण असतं, त्यात चुंबक. आत मोकळं पाणी आहे तोवर तळ उकळत्या पाण्याच्या फारसा वर जात नाही. पुणे साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पाणी संपलं की तळ भराभर तापतो, चुंबकाची पकड सुटते आणि खटका पडतो. १९५५ साली तोशिबाने बाजारात आणलेल्या स्वयंचलित कुकरमध्येही पाणी आटण्यावरच सगळं होतं, फक्त ते पाणी बाहेरच्या वेगळ्या भांड्यात घालावं लागे. थोडक्यात, दाण्याला शिजायला किती वेळ मिळणार हे आपण ओतलेलं पाणी ठरवतं.

मग हे पाणी जातं कुठे, ते बघायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. लावण्याआधी भांडं तोललं, खटका पडल्यावर पुन्हा तोललं. कुकरबरोबर आलेलं १८० मिलीचं एक माप किन्वा म्हणजे १२८ ग्रॅम. एक माप लावलं तेव्हा वाफेत ७० ग्रॅम पाणी गेलं. दोन मापं लावली तेव्हा? मला दीडशेच्या जवळ काहीतरी अपेक्षित होतं. गेलं फक्त ८० ग्रॅम! तीनदा करून बघितलं, पाच-सात ग्रॅमचा फरक.

म्हणजे दाणा जे पाणी पितो ते दाण्याच्या प्रमाणात वाढतं, पण वाफेचं पाणी कुकरचं ठरलेलं असतं. म्हणून ‘एकास अमुक’ हे प्रमाण एका मापाला बरोबर येतं आणि दोन मापांना गिचका होतो. पाहुणे आले म्हणून सगळं दुप्पट केलं आणि बिघडलं, असं ज्यांचं झालंय त्यांनी हे करून बघाच. माझ्या कुकरला मोकळ्या दाण्यासाठी किन्व्याच्या वजनाच्या १.६ पट पाणी, अधिक वाफेचे ७० ते ८० ग्रॅम. एका मापाला २७५, दोन मापांना ४९०. तुमच्या कुकरचा वाफेचा आकडा वेगळा येईल, तो एकदाच काढावा लागतो.

यातही एक चोरवाट राहिली होती. धुतलेला किन्वा कितीही निथळला तरी अंगावर पाणी धरून ठेवतो, आणि ते दर वेळी सारखं नसतं: एका मापाला कधी ३० ग्रॅम, कधी ४५. यावर उपाय सासूबाईंकडून आला. मी चाळणी काट्यावर ठेवून आकडे लिहीत होते, त्या म्हणाल्या, “अगं, वरीचे तांदूळ भाजून घेतो ना आपण, तसा घे की हाही.” कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं परतला. आधी दाणे एकमेकांना चिकटून फिरतात, मग सुटे होतात, मग वाळूसारखे सरसरतात आणि भाजल्याचा खमंग वास येतो. तिथे गॅस बंद. धुण्याचं पाणी उडून गेलेलं असतं, आकडा दर वेळी तोच येतो, आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे कुकरच्या भांड्यात करायला जाऊ नका, कोरडा तळ तापून खटका लगेच पडतो.

खटका पडल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. पुढे मात्र ‘वॉर्म’वर ठेवून विसरू नका, अर्ध्या-पाऊण तासात तळाला खरपुडी धरते. शितावरून परीक्षा इथेही होते: शिजलेल्या दाण्याभोवतीचा कोंब सुटून पांढऱ्या बारीक शेपटीसारखा वळतो, आणि दाण्याचं पोट अर्धपारदर्शक दिसतं. पोटात पांढरा ठिपका उरला असेल तर पाणी कमी पडलं.

किन्वा चाकवताच्याच कुळातला, अगदी सख्ख्या नात्यातला, हे कळल्यापासून मला तो परका वाटत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराच्या काठी, ३,८०० मीटरवर, लोक हजारो वर्षं तो पिकवतात, आणि तिथे पाणी नव्वद अंशांच्याही आत उकळतं. तिथल्या चुलीवर तो शिजायला किती वेळ घेत असेल, हा विचार भांडं तोलताना हटकून येतो.

काल रात्रीचा उरलेला दोन मापांचा किन्वा आज सकाळी फोडणीच्या भातासारखा केला: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे. दाणा न दाणा मोकळा. लाल किन्वा आणून ठेवलाय. त्याची साल जाड असते, तेव्हा १.६ पट पुरणार नाही असं वाटतं. रविवारी १.८ पासून सुरुवात करतेय.