मिरज ते सिद्धेश्वर कुरोली: जुन्या नटांच्या गावांचा दोन दिवसांचा फेरा

जुन्या मराठी सिनेमाच्या खुणा बघायच्या म्हटलं की लोक कोल्हापूर गाठतात. तिथे स्टुडिओ होते, ते बरोबरच आहे. पण कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली माणसं घडली कुठे, हे बघायचं असेल तर मिरजेला उतरावं, सांगलीत मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी आटपाडीकडे निघावं. हाच क्रम ठेवा, उलटा करू नका. मिरज-सांगलीत संगीत नाटकाचा काळ भेटतो आणि आटपाडीकडे बोलपटाचा. वाटेत कोण पडद्यावर रुळलं, कोणाला ते जमलं नाही आणि का, हे नीट उलगडत जातं.

मिरज जंक्शनला सकाळी उतरलात की आधी बालगंधर्व नाट्यमंदिर. पूर्वी इथे हंसप्रभा थिएटर होतं. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या कानाला त्रास होता, म्हणून शाहू महाराजांनी त्यांना उपचारासाठी मिरजेला धाडलं. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम इथेच होता, आणि 1905 मध्ये ‘शाकुंतला’तली शकुंतला होऊन ते याच गावात रंगमंचावर आले. वय सतरा. आज इमारत नवी आहे. आत नाटकाची तालीम किंवा प्रयोगाची तयारी चालू असेल तर विचारून विंगेत उभं राहा. माइक नाही, समोर शेवटच्या रांगेपर्यंत माणसं, आणि स्त्रीचा नाजूक लाडिकपणा न घालवता आवाज तिथवर पोचवायचा, हे काम केवढं होतं ते रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं की कळतं.

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जावं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 सालचा, याच गावातला. त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली आणि तिच्यात बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. पुढे त्या पडद्यावरही दिसल्या. दर्ग्याजवळच सतारमेकरांची दुकानं आहेत. भोपळा कोरून वाळवलेला असतो, त्यावर दांडी बसवायचं काम चाललेलं असतं. अर्धा तास तरी थांबा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेची घुमणारी झंकार, काढतात, तेव्हा केसभर सरकला तरी तंबोऱ्याचा आवाज बंद होतो किंवा खुलतो. संगीत नाटकातल्या नटाचा कान या स्वरावर तयार झालेला होता, हे डोळ्यांसमोर ठेवून पुढे सांगलीला निघा. अंतर दहाएक किलोमीटर, बस आणि वडाप (माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या) भरपूर.

सांगलीत विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक केलं. म्हणून 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, आणि त्या दिवशी इथे भावे गौरवपदक दिलं जातं. फेरा त्या तारखेला जुळवता आला तर उत्तम. पावसाळ्यात मात्र, विशेषतः जुलैअखेर ते ऑगस्ट, निघण्याआधी आयर्विन पुलाची पाणीपातळी बघा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पातळी चढत असेल तर बेत सरळ पुढे ढकला, कारण हरिपूर आणि नागठाणे दोन्ही नदीकाठी आहेत.

सांगलीत मला सगळ्यांत जास्त अडवून धरतो तो गायकनट दीनानाथराव मंगेशकरांचा काळ. गावात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. बलवंत संगीत मंडळी त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या साथीने 1918 मध्ये काढली. बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे प्रेक्षक ओसरू लागले, तेव्हा मंडळीने सांगलीतच बलवंत पिक्चर्स उभी करून ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. साल 1934. दिग्दर्शक चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. चित्रपट पडला, कर्ज झालं आणि कंपनी बुडाली.

का पडला याची एकच एक चोख गोष्ट सांगता येत नाही. पण कॅमेऱ्यापुढे संगीत नाटकाची अडचण कुठे होते, हे आकड्यांत दिसतं. 35 मिलिमीटरची फिल्म बोलपटात मिनिटाला 90 फूट पळते. 1000 फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. नाटकात एकेका पदाला वन्समोअर मिळत, नट त्या दिवसाच्या रंगावर ते वाढवीत जाई, आणि रात्र सरली तरी कोणी उठत नसे. पडद्यावर पद आधी मोजून कापावं लागतं. शिवाय माइक एका जागी टांगलेला, म्हणजे गाताना हालचाल बेतानेच. दीनानाथरावांचं गाणं तर उसळतं, आक्रमक, क्षणात सूर बदलणारं. असं गाणं समोरच्या माणसांवर चढतं, मोजपट्टीत बसायला ते नाखूश असतं. हा माझा तर्क आहे, पण ध्वनिमुद्रिकांच्या साडेतीन मिनिटांत त्यांना ऐकलेल्या कोणालाही तो पटेल.

त्यांच्या कन्या आशाताईंचा (आशा भोसले) जन्म सांगलीचाच, 8 सप्टेंबर 1933. म्हणजे वडिलांची चित्रपट कंपनी चालली आणि बंद झाली ती त्यांच्या पाळण्याच्या वयात. दीनानाथराव 24 एप्रिल 1942 ला पुण्यात गेले. थोरल्या कन्या लताबाई तेव्हा साडेबारा वर्षांच्या. त्याच वर्षी दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या गोटातून ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्या पडद्यावर उभ्या राहिल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’मध्ये आशाताईंचा आवाज आला. वडिलांना जे माध्यम लाभलं नाही त्याच माध्यमाच्या मापात मुलींनी गळा असा बसवला की साडेतीन मिनिटं पुरून उरली. इथे फिरताना ‘मंगेशकरांचं घर कुठे’ असं विचारत गल्ल्या धुंडाळण्यात दुपार घालवू नका. नाट्यगृह बघा आणि हरिपूरला जा.

हरिपूरचा रस्ता जुन्या चिंचांच्या सावलीतून जातो. रिक्षा करण्यापेक्षा सायकल मिळाली तर बरं, चारेक किलोमीटरच आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. संगमाजवळच्या पारावर देवल लिहायला बसत, असं गावात सांगतात. त्यांच्या 1899 च्या ‘शारदा’ नाटकातली माणसं राजेरजवाड्यांसारखी बोलत नाहीत, घरातल्यासारखी बोलतात. पुढे बोलपटाला नेमकं हेच बोलणं हवं होतं. गावात हळदीची पेवंही होती. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. 2005 च्या पुरात बरीचशी गेली.

दुसऱ्या दिवशी लवकर निघा. सोबत पाणी आणि भडंगाचा पुडा असू द्या, कारण विट्यापुढे दुपारी उघडं हॉटेल मिळेलच असं नाही. आधी भिलवडी-औदुंबरच्या बाजूला नागठाणे, राजहंसांचं गाव. लहानसं कृष्णाकाठचं गाव आहे, तासाभरात बघून होतं. इथे ‘धर्मात्मा’ची आठवण काढायला हवी. प्रभातच्या या 1935 च्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. ज्या माणसाची साडी नेसण्याची तऱ्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली, तो सत्तेचाळीसाव्या वर्षी पुरुषवेषात कॅमेऱ्यापुढे आला. रंगमंचावर वय दुरून झाकलं जातं, क्लोजअपमध्ये ते लपत नाही. मग 1937 मध्ये ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेष करून पाहिला, तोही चालला नाही. त्यानंतर ते रंगभूमीवरच राहिले. ‘धर्मात्मा’ बघायला मिळाला तर चेहऱ्याकडे न बघता गाण्यातल्या शब्दफेकीकडे कान द्या. प्रत्येक अक्षर सुटं आणि तरीही सुरात विरघळलेलं.

नागठाण्याहून पलूस, विटा, खानापूर, भिवघाट करत आटपाडी. सांगलीहून थेट एसटी धरली तर तीन तास धरून चला. स्वतःची गाडी असेल तर विट्यालाच टाकी भरून घ्या. ऊस मागे पडतो, माळ सुरू होतो, डाळिंबाच्या बागा आणि मेंढरांचे कळप लागतात. हा जुन्या औंध संस्थानचा मुलूख.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस औंधच्या राजांच्या पाठिंब्याने, आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने इथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची. याच प्रयोगावरून गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) कथा लिहिली आणि 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ झाला. सहा कैदी, म्हणून बारा हात. जेलरची भूमिका शांतारामांनी स्वतः केली, आणि बैलाशी झुंजीच्या प्रसंगात डोळ्यांना गंभीर इजा करून घेतली. 1958 मध्ये बर्लिनला चित्रपटाला रुपेरी अस्वल मिळालं. वसाहत आजही कारागृह खात्याकडे आहे. परवानगीशिवाय आत शिरू नका, आणि तिथे राहणाऱ्यांचे फोटो तर मुळीच काढू नका. रस्त्यावरून शेतं दिसतात, तेवढं पुरे. ही जमीन बघितली की चित्रपटातली खडकाळ माळ फोडण्याची दृश्यं नुसती प्रतीकं वाटत नाहीत.

गदिमांचा जन्म याच तालुक्यातल्या शेटफळ्याचा, 1 ऑक्टोबर 1919, आणि घर माडगूळचं. माडगूळच्या शेतात ‘बामणाचा पत्रा’ आहे. पत्र्याचं छप्पर असलेली साधी वस्ती, जिथे ते लिहायला येऊन बसत. उन्हात पत्रा तापतो, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर जा. लोक त्यांना कवी म्हणून ओळखतात, पण त्यांची सुरुवात नटाची. मॅट्रिकला गणिताने अडवलं, तेव्हा ते कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये गेले आणि 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त लहानशा भूमिकेत उभे राहिले. त्यांच्या पटकथांतले संवाद नटांच्या तोंडात सहज बसतात, ते त्यांनी स्वतः कॅमेऱ्यापुढे वाक्यं बोलून पाहिली होती म्हणून, असं मला वाटतं.

गाडी असेल तर तसेच पुढे दिघंची, म्हसवड, दहिवडी करत वडूज गाठा. जवळच सिद्धेश्वर कुरोली, राजा गोसावींचं गाव. त्यांचा जन्म 28 मार्च 1925 चा. विनायकरावांच्या कंपनीत पडेल ते काम करत त्यांनी सुरुवात केली, पुढे पुण्याच्या भानुविलास थिएटरात तिकीटविक्रीला बसले. 1952 मध्ये राजा परांजप्यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला, पटकथा गदिमांची, नायक राजा गोसावी. चित्रपट लागला तो भानुविलासलाच. लोक खिडकीशी रांग लावून तिकीट मागत होते, आणि आत बसून तिकीट फाडून देत होता तो नायकच.

वडूजहून औंध जवळ आहे. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय बघायचं असेल तर सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या. तिथून साताऱ्याला जाऊन रात्रीची पुण्याची गाडी मिळते.