‘ड’ जीवनसत्त्वाच्या ग्राहीसाठी रेणू घडवताना: माझा अनुभव

डायलिसिसवर असलेल्या माझ्या आत्याला कॅल्सिट्रायॉलची कॅप्सूल सुरू झाली, त्या सुमारास मी रत्नागिरीत रसायनशास्त्रातील पीएच.डी.साठी विषय शोधत होते. त्या कॅप्सूलमध्ये औषध असते पाव मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मूत्रपिंडे निकामी झाली की ‘ड’ जीवनसत्त्वाचे हे सक्रिय रूप शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागतात, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. आत्याच्या ग्रंथी आटोक्यात आल्या, पण रक्तातील कॅल्शियम चढले आणि डॉक्टरांना औषध थांबवावे लागले. कॅल्सिट्रायॉल पेशींतील ज्या प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटून ग्रंथी शांत करते, तोच ग्राही आतड्यातही असतो आणि तेथे तो अन्नातील कॅल्शियमचे शोषण वाढवतो. एक काम हवे आणि दुसरे नको, ही या क्षेत्रातील जुनी अडचण आमच्या घरात अशी समोर आली, आणि माझा विषय ठरला.

या अडचणीवर पूर्वी बरेच काम झाले आहे. कॅल्सिपोट्रायॉल हे सोरायसिसवरच्या मलमात वापरतात, कारण रक्तात पोहोचलेला त्याचा अंश यकृत चटकन निकामी करते. पॅरिकॅल्सिटॉलला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि ते मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराच्या रुग्णांना, डायलिसिसवर नसलेल्यांनाही, देतात. ही दोन्ही संयुगे मूळ जीवनसत्त्वाच्या सांगाड्यावरच बेतलेली आहेत. त्या सांगाड्यातील तीन दुहेरी बंधांची साखळी प्रकाश, आम्ल आणि हवा यांपुढे नाजूक असते, आणि ती उभी करण्यासाठी लागणाऱ्या अनेक पायऱ्या आमच्या लहान प्रयोगशाळेला पेलणाऱ्या नव्हत्या. १९९९ मध्ये मात्र अगदी वेगळ्या घडणीची संयुगे प्रसिद्ध झाली होती: एका कार्बनला जोडलेली दोन बेंझिन वलये आणि त्या वलयांपासून दोन दिशांना निघालेले दोन हात. त्यांनी उंदरांत कॅल्शियम न वाढवता ग्राही जागा केल्याचे वाचले, तेव्हा मी याच सांगाड्यावर काम करायचे ठरवले.

पहिले वर्ष संगणकावर गेले. मानवी ग्राहीची कॅल्सिट्रायॉलसह स्फटिक रचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली असून ती कोणालाही विनामूल्य मिळते. त्या रचनेत रेणूचे तीन हायड्रॉक्सिल (OH) गट सहा अमिनो आम्लांनी धरलेले दिसतात: एका टोकाचे दोन गट सेरिन २३७, आर्जिनिन २७४, टायरोसिन १४३ आणि सेरिन २७८ यांनी, तर दुसऱ्या टोकाचा गट हिस्टिडिन ३०५ आणि ३९७ यांनी. मधला भाग केवळ पोकळी भरतो. हे चित्र पडद्यावर फिरवून पाहताना माझ्या लक्षात आले की सांगाडा बदलला तरी चालेल, पण टोकांमधील अंतर बदलून चालणार नाही. डॉकिंग, म्हणजे नवा रेणू ग्राहीच्या पोकळीत किती नीट बसतो याचा संगणकाने आकडा काढणे, सुरू करण्यापूर्वी मी कॅल्सिट्रायॉललाच पुन्हा त्याच्या जागी बसवून पाहिले. दोन्ही हिस्टिडिनांच्या कोणत्या नत्रावर प्रोटॉन ठेवायचा, हे नीट ठरवेपर्यंत ते स्फटिकातल्या जागी बसत नव्हते, आणि या एका दुरुस्तीला मला तीन आठवडे लागले. माझ्या मार्गदर्शक सरांनी तेव्हाच बजावले होते की रेणू पोकळीत बसला म्हणजे ग्राही जागा झाला, असे होत नाही. ग्राहीच्या शेवटच्या भागातील बारावी सर्पिल डब्याच्या झाकणासारखी मिटली, तरच पुढील प्रथिने येऊन चिकटतात आणि जनुके चालू होतात. ते झाकण मिटलेल्याच रचनेत मी डॉकिंग करत होते, त्यामुळे ते मिटेल की नाही हे माझा आकडा सांगूच शकत नव्हता.

१९९९ च्या त्या मूळ संयुगाच्या दोन्ही हातांवर एकेक असममित कार्बन आहे, म्हणजे ज्याची मांडणी डावी किंवा उजवी अशी दोन प्रकारे होऊ शकते असा कार्बन, त्यामुळे त्याची चार रूपे होतात. मी एका हातावर सेरिनॉल हा लहान रेणू अमाइड बंधाने (कार्बन आणि नत्र यांच्या जोडाने) जोडायचे ठरवले. सेरिनॉलच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याने त्या टोकाला डावे-उजवे हा प्रश्न उरत नाही आणि चारऐवजी दोनच रूपे हाताळावी लागतात. या कल्पनेचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रत्यक्ष काम जूनमध्ये सुरू झाले आणि कोकणातल्या पावसाने त्याची कसोटी पाहिली. डेसिकेटर या रसायने कोरडी ठेवण्याच्या भांड्यातील, ओलावा शोषणारे निळे सिलिका जेल दोन दिवसांत गुलाबी पडत असे, आणि ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे केले तरी तिसऱ्या दिवशी तेच. हात जोडण्याच्या अभिक्रियेसाठी लागणारे सोडियम हायड्राइड बाटली उघडताक्षणी दमट हवेने खराब होऊ लागे, म्हणून ते सोडून मी भाजलेले पोटॅशियम कार्बोनेट आणि कोरडे अ‍ॅसिटोन वापरले. ओ-क्रेसॉल आणि ३-पेंटॅनोन आम्लात एकत्र करून मधला सांगाडा सहज मिळाला. खरी अडचण पुढे होती. त्या सांगाड्याची दोन्ही टोके हुबेहूब सारखी असल्याने एकाच टोकाला हात जोडायचा म्हटले, तरी काही रेणूंना दोन हात लागतात आणि काही तसेच कोरे राहतात. तिन्ही वेगळे करण्यासाठी मी कॉलम, म्हणजे मिश्रण गाळून वेगळे करणारी सिलिकाची नळी, अकरा वेळा चालवला. वीज गेली की टीएलसीच्या पट्ट्या (मिश्रणातील घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या) आयोडीनच्या बाटलीत धरून खिडकीच्या उजेडात ठिपके पाहत असे. मधला ठिपका एकटा, गोल आणि स्वच्छ उतरलेला पाहिला, तो दिवस मला तारखेसह आठवतो.

चाचणी दुसऱ्या शहरातील एका प्रयोगशाळेने करून दिली. ग्राही जागा झाला की पेशी प्रकाश देतात आणि तो प्रकाश मोजला जातो. कॅल्सिट्रायॉलने १० नॅनोमोलरला पूर्ण प्रतिसाद दिला. माझ्या संयुगाचा प्रतिसाद १ मायक्रोमोलरपाशी, म्हणजे त्याच्या शंभरपट प्रमाणाला, जेमतेम सुरू झाला आणि १० मायक्रोमोलरलाही निम्म्यापर्यंत पोहोचला नाही. झाकण मिटत होते, पण फार क्षीणपणे. कारण शोधताना मी अमाइडकडे वळले. तो सपाट आणि ताठ असतो, त्यामुळे त्यापुढचे हायड्रॉक्सिल गट आर्जिनिन २७४ पर्यंत वळत नसावेत, असे मला वाटते. शिवाय दुसऱ्या हातावरचा अल्कोहोल मी सोडियम बोरोहायड्राइडने तयार केला होता, म्हणजे त्यात दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात होती, आणि डॉकिंगनुसार त्यांपैकी एकच हिस्टिडिनांना नीट भेटते.

निकाल आला त्या आठवड्यात आत्याने विचारले, “बाय, तुझं औषध मला गावेल काय गो?” मी तिला खरे तेच सांगितले की याला पुष्कळ वर्षे लागतात आणि बहुतेक संयुगे वाटेतच गळतात. ती म्हणाली, “मग उद्या लवकर जा कामाला.”

आता दोन बदल हाती घेतले आहेत. अमाइडच्या जागी लवचीक ईथर जोडला आहे, आणि अल्कोहोलचे एकच रूप मिळावे म्हणून किरल (एकाच बाजूचे रूप घडवणाऱ्या) उत्प्रेरकासह बोरेन वापरायचे ठरवले आहे. बोरेनला ओलावा मुळीच चालत नाही, म्हणून ती अभिक्रिया मी पावसाळा पूर्ण सरेपर्यंत राखून ठेवली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिलिका जेल सलग सहा दिवस निळे राहिले, आणि सातव्या दिवशी सकाळी मी फ्लास्क भाजायला ठेवले.