पुस्तकामागचे तेरा आकडे

आपल्याकडं बेळगाव भागात हिवाळा आला की साहित्य संमेलनं सुरू, कडोली, उचगाव, येळ्ळूर, आणि संमेलन म्हटलं की कुणाचा ना कुणाचा नवा कवितासंग्रह आलाच. पण कितीतरी संग्रहांच्या मागं आयएसबीएनच, म्हणजे जगभर पुस्तक ओळखायचा तेरा आकडी नंबरच नसतो. विचारलं की म्हणतात प्रेसवाला त्याचे वेगळे पैसे सांगत होता, राहू दे म्हटलं. अहो भारतात हा नंबर फुकट मिळतो! दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण खात्याची, अर्ज ऑनलाइन, आणि लेखक स्वतःच्या नावानंसुद्धा करू शकतो.

आता नंबर बघा की. सुरुवातीला ९७८. बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड आपल्याकडं बहुतेक ८९० नं सुरू होतो, ते भारताचे आकडे, पण पुस्तकांना जगभर मिळून ९७८ दिलंय, जणू पुस्तकांचा वेगळा देशच (आता ९७९ पण आलंय). त्यापुढं गट. इंग्रजीला ० आणि १, जर्मनला ३, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडचा जर्मन भाग भाषेवरून एकाच गटात. भारताला मात्र ८१ आणि ९३, अख्ख्या देशाला मिळून. म्हणजे बेळगावचं मराठी पुस्तक घ्या नाहीतर धारवाडचं कन्नड, दोन्हींवर तेच आकडे, ना भाषा ना राज्य. सीमाभागात राहून हे बघितलं की मला लई बरं वाटतं.

मग प्रकाशकाचा नंबर, मग त्या पुस्तकाचा. मोठ्या प्रकाशकाचा नंबर आखूड असतो कारण त्याला पुस्तकांसाठी जास्त जागा लागते, लहान प्रकाशकाचा लांब.

शेवटचा आकडा तपासणीचा, आणि माझा सगळ्यात आवडता. समजा पहिले बारा ९७८९३१२३४५६७. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक घेतले तर बेरीज ३२, उरलेल्यांची पण ३२च येते, तिची तिप्पट ९६, मिळून १२८, दहाच्या पटीत म्हणजे १३० व्हायला २ कमी, म्हणून शेवटी २. एक आकडा चुकीचा टाइप झाला तर हमखास कळतं. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा कळतं, फक्त त्यांच्यात ५ चा फरक असला, १ आणि ६ असे, तर सुटतं. २००७ च्या आधी नंबर दहा आकडी होता, त्यात बेरीज दहाच्या ऐवजी ११ च्या पटीत बसवायची, तिथं हे पण सुटत नव्हतं, गणित म्हणून मला तोच भारी वाटतो. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांवर शेवटी एक्स दिसतो ना, ती छपाईची चूक नाही, तपासणीचा आकडा १० आला की एका जागेत मावत नाही म्हणून एक्स.

आणि एक, प्रेसवाल्यानं स्वतःच्या साठ्यातला नंबर दिला तर त्या नंबरावरून प्रकाशक तोच ठरतो, तुम्ही नाही. म्हणून स्वतः अर्ज करा, आणि कव्हर छापायला जायच्या आधी करा, नंबर यायला वेळ लागू शकतो. पेपरबॅक आणि ईबुकला वेगवेगळा नंबर लागतो, काही न बदलता पुन्हा छापलं तर जुनाच चालतो.